दोन्या रोसांचं भांडं

चहा आधी संपवून घ्या. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही! स्पेनला जाऊन मी जी माती खाल्ली ना, ती ऐकताना माझी सख्खी बहीण सोफ्यावरून खाली घसरली होती.

तर मी राहते नेरूळला आणि उरणच्या एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं बघते. आमच्याकडे मेक्सिको-चिलीचं काम वाढलं, तेव्हा सावंतसाहेबांनी जाहीर केलं, "ज्याला स्पॅनिश येईल, त्याचं हे डेस्क." मला ते डेस्क हवं होतं. म्हणजे हवंच होतं हो! बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करतेय, कंटाळा नाही येणार? उन्हाळ्यात स्पेनमध्ये चार आठवड्यांचा कोर्स होता. तिकडे जायचं, एकाच्या घरी राहून शिकायचं आणि शेवटी तोंडी परीक्षा. पास झालं की डेस्क माझं.

बॅग सासूबाईंनी भरली. चार आठवड्यांसाठी पाच किलो पोहे आणि सहा किलो रवा!

"अहो आई, तिकडे खायला मिळतं."

"मिळत असेल. आपलं मिळतं का?"

मी गुपचूप बॅगेची चेन लावली.

माझी घरमालकीण मार्ता. तिसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या दोन्या रोसा आल्या. दोन्या म्हणजे आपल्याकडे बाईसाहेब म्हणतो ना, तसं. वय पंच्याहत्तर, केस एकदम सेट, चाल हेडबाईंची. नवीन पाहुणी म्हणून माझ्यासाठी काचेच्या भांड्यात बटाटे घातलेलं जाडजूड ऑम्लेट आणलं होतं. मी चाटूनपुसून खाल्लं, भांडं घासलं आणि दुपारी व्हिडिओ कॉलवर आईंना सहज सांगितलं.

"मग भांड्यात काय घालून देणारेस?"

"घालून काय? घासलंय ना."

"रिकामं?" आई अशा ओरडल्या की मार्ताची मांजर कॉटखाली गेली. "अगं मीनल, शेजारणीचं भांडं रिकामं परत करतात का कधी? कुठल्या घरची सून म्हणेल ती!"

बरोबरच होतं त्यांचं. आमच्या सोसायटीत साधी वाटी परत करायची तरी तिच्यात निदान साखर घालतो. मी कांदेपोहे केले आणि भांडं गच्च भरून दिलं. दोन्या रोसांनी झाकण उघडलं. पोह्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक भुवई वर गेली.

"अस्सं?" एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, बाईंना आवडलं.

दुसऱ्या दिवशी तेच भांडं परत दारात! आत कटलेटसारखं काहीतरी, पण लोण्यासारखं मऊ. झालं! आता रिकामं कसं देणार? मी शिरा केला. बदल्यात वांगी आली, वर चीज. मी दडपे पोहे दिले. तिकडून पालक-चणे. मी रव्याचे लाडू!

आता यात अभ्यास कधी करायचा? क्लासमधली पोरं भूतकाळ शिकत होती आणि मी मार्ताला स्पॅनिशमध्ये विचारत होते, "झाकण कुठंय? मीठ बरोबर आहे का?" दुसऱ्या आठवड्यात तर मी सरळ दांड्या मारायला लागले. त्यात जिन्यात लोक जमायला लागले. मी भांडं घेऊन निघाले की दारं उघडायची आणि माणसं चमचे घेऊन उभी! चव घ्यायची, माना हलवायची, हात नाचवून आपापसात बोलायची. किती प्रेमळ लोक आहेत, म्हटलं! मी आपली सगळ्यांना आग्रह करतेय, "अजून थोडं घ्या ना!"

चौथ्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी परीक्षा. आणि गुरुवारी दोन्या रोसा दोन शेजाऱ्यांकडून पाएया उचलवून घेऊन आल्या. पाएया म्हणजे त्यांच्याकडचा पिवळा भात. तो ज्या कढईत होता, ती आमच्या नेरूळच्या किचनच्या दारातून तिरकी करूनही आत आली नसती! मी लगेच आईंना फोन लावला.

"रवा किती उरलाय?"

"असेल तीन किलो."

"मग झालं की! सगळ्याचा उपमा कर."

"आई, उद्या परीक्षा आहे!"

"परीक्षा परत देता येते गं. अब्रूचं काय?"

शुक्रवारी सकाळपासून मी ढवळतेय आणि मार्ता पाणी ओततेय. बाराला चौघांनी तीच कढई उपम्याने भरून खाली नेली. दोन्या रोसांनी दार उघडलं, कढई बघितली आणि चक्क रडायला लागल्या! स्वतःचा एप्रन सोडून माझ्या हातात दिला. जिन्यात टाळ्या, शिट्ट्या!

"अगं, झालं काय?" मी मार्ताला विचारलं.

मार्ता मला कळेल असं हळूहळू बोलली. "ती हरले म्हणतेय. चाळीस वर्षं या बिल्डिंगमध्ये तिच्या हाताला तोड नव्हती. तू पहिल्याच वेळी तिच्याच भांड्यात तुझा पदार्थ दिलास. तिला वाटलं, तू तिला चॅलेंज दिलंस. जिन्यात दोन पार्ट्या पडल्यात."

"मग तुमच्यात भांडं परत कसं देतात?"

"घासून," मार्ता म्हणाली.

घासून! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन्या रोसांना मिठी मारली, माफी मागितली, पण आपली पद्धत समजावून सांगायला शब्द कुठून आणू? तशीच पळत परीक्षेला गेले. परीक्षक बाईंनी विचारलं, "चार आठवड्यांत काय काय केलंत?" म्हटलं, "कांदा बारीक चिरला. तेल तापवलं." पुढे मोहरीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात तेच येईना. सपशेल नापास!

परत आल्यावर साहेबांना खरं काय ते सांगितलं. भला माणूस! म्हणाले, "सोमवारी मेक्सिकोची पार्टी येतेय. बोलून दाखव, डेस्क तुझं."

मीटिंगला शेजारी आमचा इम्रान. हा रोज भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येतो आणि लाँचमध्ये बसून मोबाईलवर स्पॅनिश शिकलेला. पाहुण्यांनी कंटेनरबद्दल काहीतरी विचारलं. मला एक शब्द कळेल तर शपथ! इम्रान मात्र घडाघडा सुरू. माझं डेस्क डोळ्यांदेखत चाललं होतं हो! तेवढ्यात बटाटेवडे आले आणि मी स्पॅनिशमध्ये सुटले. "घ्या ना अजून! सांभाळून, गरम आहे. मीठ बरोबर आहे का? तेल जास्त नाही ना झालं?" पाहुणे हसले, खूश झाले, तीन-तीन वडे खाल्ले. मी साहेबांकडे असं काही ऐटीत बघितलं की विचारू नका.

दोन दिवसांनी त्यांचा मेल आला. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि इम्रानला मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. इम्रान सुरुवातीलाच अडखळला.

"ताई... वाचू का?"

"वाच रे बिनधास्त! लाजतोस काय?"

"लिहिलंय की, काम तुम्हालाच देतोय, पुढचं सगळं इम्रानशी बोलू." त्याने मान खाली घातली. "आणि तुमच्या ऑफिसात स्वयंपाकाला ज्या बाई आहेत ना, त्यांचं स्पॅनिश फारच सुंदर आहे."