सटाण्याची भारी सायकल

मंडळी, आज सटाण्याला गेलो आणि हात हलवत परत आलो.

नव्वदच्या दशकातली जुनी माउंटन बाइक शोधतोय, उचलायला हलकी आणि खिशाला परवडणारी. सामान बांधून सुरगाण्याचा घाट चढायचाय. सटाण्याच्या एका काकांनी फोनवर सांगितलं, "सायकल एकदम भारी शे, भाऊ!" मी रजा टाकली आणि एसटी पकडली.

सायकल ओट्यावर उभी होती. कांद्याच्या गोण्या वाहायला काकांनी तिला लोखंडी अँगलचं कॅरियर वेल्डिंग करून घेतलेलं. उचलायला गेलो, तर मागचं चाक जागचं हलेना.

"काका, मला हलकी हवी होती."

काकांचा चेहराच उतरला. "हलकी वस्तू आमच्या घरात नाही भेटणार, भाऊ. दुसरीकडे बघा."

हात जोडले आणि निघालो. नाशकातली दुकानं आधीच पालथी घातली, भंगारवालेही झाले. नवी हलकी सायकल पगारात बसत नाही आणि जुनी कुणी ठेवलेली दिसत नाही. यंदाही घाट एसटीच्या खिडकीतूनच बघायचा बहुतेक.

तरी विचारून ठेवतो, कुणाच्या गच्चीवर एखादी पडून आहे का? असेल तर कृपा करून भारी आहे म्हणू नका. किती किलो, तेवढं सांगा.