शकुंतलाकाकूंचा पऱ्हाटीचा कारखाना

माझ्या नावापुढे पदवी लागली ती झरीच्या शकुंतलाकाकूंमुळे. आमच्या मेंढ्या दरवर्षी खतासाठी त्यांच्या वावरात बसत. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्या बाबांना म्हणाल्या, "एक पोरगं कमी झाल्यानं मेंढरं उपाशी मरत न्हाईत. परभणीला धाडा त्याला." राहण्या-जेवणाची सोय त्यांनीच लावली आणि मला बजावले, "उपकार मानत बसू नको, पास हो."

काकूंना धूर बघवत नाही. कापूस संपला की लोक पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, उपटून बांधावर पेटवतात. काकू स्कूटी थांबवून थेट वावरात शिरतात.

"काय जाळायलाव दादा?"

"कचरा हाय काकू, पऱ्हाटी."

"कचरा न्हाई, कोळसा हाय तो. आगपेटी द्या इकडं."

आगपेटी जप्त करून त्या निघतात. त्यांच्या घरी कधी आगपेटी विकत आणल्याचे मला आठवत नाही.

पऱ्हाटीचा भुगा दाबून बॉयलरसाठी कांड्या करतात, त्याला पांढरा कोळसा म्हणतात. त्याचा कारखाना काढायचा काकूंनी ठरवले. माहेरची जमीन तारण ठेवली तर बँक कर्ज द्यायला तयार होती. दीर चिडवायचे, "वहिनी आता कचऱ्याचं सोनं करणार." काकू म्हणायच्या, "सोन्यानं बॉयलर पेटत न्हाई, भाऊजी."

हे परवडते का, ते बघायचे काम त्यांनी मला दिले. मी नुकताच पदवीधर झालो होतो. कांड्यांचे यंत्र विकणाऱ्याने त्याच्या हिशेबाच्या कागदात कच्च्या मालाची किंमत शून्य धरली होती. शेजारच्या गावानेही "फुकट न्या, वावर साफ होईल" असा शब्द दिला होता. आम्ही ट्रॅक्टर घेऊन गेलो. ट्रॉली उभी राहिली आणि पऱ्हाटीला भाव आला.

"न्या की काकू, पर कायतरी बघा आमचंबी," एकजण म्हणाला.

त्याची आई दारातून ओरडली, "अन् मी चुलीत काय घालू, तुझं डोस्कं?"

काकू इतक्या हसल्या की घासाघीस त्याच हरल्या. ट्रॉली शिगोशीग भरली, दोर आवळले, तरी निम्मा माल वाटेतच सांडला. उरलेला वजनकाट्यावर नेला तर काटेवाला म्हणाला, "मावशी, रिकामीच आणली का?"

 परतताना काकू म्हणाल्या, "हिशेब कर. मला बरं वाटावं म्हणून करू नको."

मी तो सगळ्या बाजूंनी करून पाहिला. तोंडावर सांगवेना, आणि मोबाइलवर लिहिले असते तर त्यांनी लगेच फोन करून वाद घातला असता. म्हणून परभणीहून हे पत्र पाठवले:

ती. काकूस सा. नमस्कार.

पऱ्हाटी फुकट मिळाली तर कारखाना चालतो. पण लोक भाव मागणार, आणि तो त्यांचा हक्कच आहे. भाव दिला की वाहतूक परवडत नाही, कारण ट्रॉलीत पऱ्हाटीपेक्षा हवाच जास्त जाते. म्हणून आत्ता कारखाना काढू नये, असे माझे मत आहे. माहेरची जमीन तारण ठेवू नका.

वावरातच भुगा करणारे यंत्र मिळते. ते एक हंगाम भाड्याने आणू आणि भुगा भरलेली ट्रॉली कितीला पडते ते बघू. तेव्हाही जमले नाही, तर भुगा त्याच वावरात खत म्हणून टाकू.

तुम्ही भावकीत कारखान्याचे पेढे वाटून बसला आहात, हे मला माहीत आहे. तुमच्या भाऊजींशी मी बोलतो, टोमणे मला बसू द्या. रविवारी येतोय. रागावला असाल तरी जेवायला थांबणार आहे.

तुमचा,
मारुती