नाला खाली

थांबा, चहा बाजूला ठेवा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे, नाहीतर मला आज जेवण जाणार नाही. काकूंचा फोन आला, नाशिकहून, लेकीच्या घरून. प्लास्टर निघालं! दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या! मी रडायला लागले तर म्हणतात, "रडते काय वं? पाय मोडला होता, तोंड नाही."

तोंड म्हणजे काकूंचा जीव की प्राण. कुणी काहीही नवीन वस्तू दाखवली की त्यांचं ठरलेलं, "तोंड आहे ना? मग झालं!" दाराला बेल नाही बसवली. का, तर तोंड आहे ना. केळीवाला दोन गल्ल्या पुढे गेला तरी या ओट्यावरून हाक मारणार आणि तो हातगाडी वळवून येणार. एकदा त्याच्यासोबत पोस्टमनही आला परत. त्याला वाटलं, त्यालाच बोलावलं.

काकू आमच्या समोरच्या घरात राहतात. काका पेपर मिलमध्ये होते, रिटायर झाल्यावर दोघं बऱ्हाणपूरला आले. काका गेले, आणि वर्षभरानं काकूंनी पाठीवर सॅक घेतली. खरंच! साडी, पायात बूट, सॅक. आधी एकट्याच जायच्या डोंगरात, मग मला ओढलं, मग शेजारचे सोनू भैया आणि भाभी. भैया-भाभी पक्के हिंदीवाले, कानपूरकडचे. मराठी त्यांना कळते, पण तेवढीच, भाजीपुरती.

आता भांडणाचा मुद्दा ऐका. चांदनी गावाला उतरून आत डोंगरात शिरलं की टॉवर गायब. मोबाईल म्हणजे नुसता टॉर्च. मी म्हटलं, काकू, इमर्जन्सीसाठी काहीतरी ठेवू. सॅटेलाइटवालं मशीन आपल्या देशात परमिशनशिवाय ठेवताच येत नाही, मी बघितलं होतं. म्हणून वॉकीटॉकीची छोटी जोडी मागवली.

काकूंनी एक सेट हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. वास!

"हे कशाला?"

"पडलो-झडलो तर?"

"पडशीलच मग. मशीन सोबत घेतलं ना, की माणूस डोकं घरी ठेवतो. खिशात आहे ना, मग चढ त्या दगडावर, उतर त्या खड्ड्यात!"

"आणि नसलं तर?"

"तोंड आहे ना!"

भैया हसून लोटपोट. "काकू, आपका मुँह तो खंडवा तक जाता है, हमारा नहीं जाता." शेवटी काकूंनी सेट घेऊ दिला, पण स्वतः हात लावणार नाही म्हणाल्या.

त्या वेळी एक रात्र पाड्यावर राहून आम्ही परत येत होतो. खाली नाला होता. ठरलं असं, की मी आणि काकू उतरून पाणी आहे का बघायचं. पाणी असेल तर भैया-भाभी पण खाली येतील, तिथेच खिचडी टाकू. नाला कोरडा असेल तर ते दोघं वरच्या रस्त्यानं सरळ आमच्या भाड्याच्या गाडीकडे जातील, आम्ही नाल्याकाठानं पोहोचू.

पाणी होतं. मस्त होतं! काकू पुढे, आणि शेवाळाच्या दगडावरून त्यांचा पाय असा सटकला की मला फक्त साडी दिसली. पाय वाकडा, आणि बरगडीवर आपटल्या. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. नुसती हवा. काकूंच्या तोंडून आवाज नाही!

मी सेट काढला, बटण दाबलं. "भैया! काकू नाल्यात खाली! खाली!"

खर्रर्र. "क्या? नाला खाली?"

"हो, खाली! लवकर या!"

"हाँ हाँ, जल्दी ही कर रहे हैं. नाला खाली है तो हम निकलते हैं. गाड़ी पे मिलो."

मी सेटकडे बघतच राहिले. निघतात? कुठे निघतात? परत ओरडले, "अहो खाली! खाली!" भैयाचा आवाज लांब जात होता, "समझ गए बेटा, खाली है…" मग नुसती खरखर.

काकूंनी माझा दुपट्टा ओढला. चेहरा पांढरा, पण डोळे हसत होते, देवाशपथ. एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "येडे… त्याचं खाली म्हणजे… रिकामं. तू त्याला… नाला कोरडा सांगितला."

मी जन्मापासून हिंदी बोलते! शाळा हिंदी, ऑफिस हिंदी, स्वप्नंसुद्धा अर्धी हिंदी. आणि घाबरल्यावर तोंडातून आलं ते घरातलं.

"भैया, नीचे! काकू गिर गई! पानी है नाले में!" उत्तर नाही. ते टेकडीपलीकडे गेले होते.

"वर चढ," काकू म्हणाल्या. "तिथून बोल."

"तुम्हाला सोडून?"

"मी काय… पळून जाते?"

जायचंच नव्हतं मला. त्यांच्या डोक्याखाली सॅक ठेवली आणि चढले. काटे, माती, गुडघे, काही कळलं नाही. वर पोहोचून बटण दाबलं, "नीचे, भैया, नीचे!" असं इतक्या वेळा म्हटलं की शेवटी भाभीचाच आवाज आला, "अरे सुन लिया, आ रहे हैं, रो मत." तिथेच मातीत बसले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

मग भैया, भाभी, मी आणि गाडीवाला, चौघांनी चादरीची झोळी करून काकूंना वर आणलं. वाटेत भैया सारखे कान पकडत होते. काकूंचा श्वास तोवर जरा मोकळा झाला होता. म्हणाल्या, "मशीन घ्यायचं रे सोनू. पण निघायच्या आधी बोली ठरवायची."

गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या त्या. दवाखाना यायचा होता, प्लास्टर व्हायचं होतं, आणि या घोरायला लागल्या. असं घोरणं, की गाडीवाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि उतरून बोनेट उघडून बघितलं. आम्ही तिघं हसतोय, रडतोय, पण कुणी त्याला सांगेना. घोरू दे म्हटलं, आवाज आला ना परत!

तुमच्या घरातला असा एखादा शब्द आहे का, जो बाहेर गेल्यावर भलतंच सांगून येतो? झालंय का तुमचं असं कधी?