झोपाळ्याच्या कड्यांना ट्यूब

विट्याजवळच्या आमच्या गावात उन्हाला तोटा नाही. दुपारी अंगणात अनवाणी पाय ठेववत नाही. अशा गावात टोमॅटोची रोपं वाढवायला मी हॉलमध्ये ट्यूब टांगायला लागलो, तेव्हा शेजारचा माझा जुना दोस्त दारातनंच ओरडला, "गड्या, उनाची काय टंचाई पडली का रं?" म्हटलं, "व्हय, आमच्या घरात पडलीया." तो हसला. मला काही हसू आलं नाही.

माझी सगळी उमर मदुराईत गेली. इकडच्या कितीतरी जणांसारखा मी गलाईवाला. जुने दागिने वितळवायचे, सोनं शुद्ध करून द्यायचं. पुढं दुकान, मागं एक खोली, आणि खोलीच्या खिडकीला लागून दुसऱ्याची भिंत. बायकोनं त्या खिडकीत डब्यात टोमॅटो लावून बघितले, तर उजेडासाठी लांबलांब वाढून ते आडवे पडले. मी म्हणायचो, "जाऊ दे, गावाला गेल्यावर लाव की रानभर." तीही तसलीच. नवी पातेली कधी काढायची? गावाला गेल्यावर. झोपाळा? गावाला गेल्यावर. आम्ही गलाईवाले सगळेच असे. गावात बंगला बांधायचा, त्याला कुलूप घालायचं, आणि परमुलखात भट्टीपुढं बसून त्याच्या गप्पा हाणायच्या. काय म्हणावं या शहाणपणाला!

शेवटी एकदाचे आलो. आणि वर्षाच्या आत तिच्या तोंडावर तांबडे चट्टे उठले, सांधे धरले. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, उन्हात जायचं नाही. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, कायमचं. परत येताना एसटीत ती तोंडावर पदर घेऊन बसली होती. मला वाटलं, रडतेय. तर म्हणाली, "टोमॅटोचं बी आणून ठिवलंय, त्याचं काय करायचं आता?"

म्हणून हा सगळा खटाटोप. पहिल्यांदा माझं डोकं भट्टीवाल्याचंच चाललं. ज्याला आच नाही तो उजेड कसला? मांडवातला हॅलोजन आणून ट्रेवर टांगला आणि कोवळी रोपं दुपारपर्यंत करपली. "सोनं वितळवायचं न्हाई हितं!" ती म्हणाली. त्या दिवशी लय बोलणी खाल्ली. मग कुठला उजेड तिला बाधणार नाही ते डॉक्टरांना विचारून पांढऱ्या एलईडी ट्यूब आणल्या. झोपाळ्यासाठी छतात बसवून घेतलेल्या कड्या रिकाम्याच होत्या. त्यांतनं साखळ्या सोडून ट्यूब ट्रेच्या वर वीतभर आणल्या. रोप वाढेल तशी साखळी वर घ्यायची. सकाळी बटण तीच दाबायची, पाणीही तीच फवारायची, मला हात लावू द्यायची नाही. रोपं अशी ठेंगणी आणि जाड देठाची झाली, की माझी मलाच चुटपुट लागली. चार ट्यूबच तर लागत होत्या. त्या काय मदुराईत मिळत नव्हत्या?

पण ट्यूबखालचं रोप एकदम रानात लावलं तर उन्हानं मरतं. आधी थोडा वेळ सावलीत, मग कोवळ्या उन्हात, असं सवयीचं करावं लागतं. मी ट्रे बाहेर न्यायचो आणि ती पडद्याआडनं हाका मारायची, "आवं, आत आणा, ऊन लागलं त्यास्नी!" हळूहळू रोपं भर उन्हात माना ताठ करून उभी राहायला लागली.

परवा लावणीसाठी ट्रे न्यायला आत आलो, तर ती म्हणाली, "मला बी असंच सवयीचं केलं तर? रोज उलीसं उलीसं?"

डॉक्टर काय म्हणाले होते ते तिला माहीत होतं, मलाही. तरी मी म्हणालो, "करू की."

"कवा?"

इतक्या वर्षांचं तोंडात बसलेलं उत्तर माझ्या ओठापर्यंत आलं होतं. माझ्याआधी तीच बोलली.

"गावाला गेल्यावर, न्हवं?" म्हणाली, आणि हसली.

मी ट्रे उचलून उन्हात गेलो आणि बराच वेळ आत आलोच नाही.