पांढऱ्या डोक्याचा कुरव

शनिवारी सकाळी शालनच्या रूपालीचा फोन आला. "मावशी... आई गेली गं. झोपेतच." लेक पलीकडे हुंदके देत होती आणि माझ्या मनात आलं, उद्या रविवार, उद्या तर मी शालनला सांगणार होते! माणूस किती आपमतलबी असतं...

घाटकोपरच्या एका शाळेत आम्ही तीस वर्षं बरोबर काढली. मी शिकवायचे, शालन प्रयोगशाळा सांभाळायची. निवृत्तीनंतर दर रविवारी रिक्षा करून पवई तलावावर पक्षी बघायला जायचो. तिचा नियम एकच, दोघींनी पाहिलेला पक्षीच वहीत जाणार. "साक्षीदार नाय ना? मग सोड," म्हणायची. माझा एक चांगला धनेश या नियमापायी बुडाला. मी आठवडाभर धुसफुसत होते.

यंदा फाल्गुनात तलावावर कुरव उतरले. खरं तर हे खाडीचे पक्षी, तलावावर क्वचितच. परतीच्या प्रवासाआधी त्यांची पांढरी डोकी तपकिरी होतात. एकाचं मात्र पांढरंच होतं. मी म्हटलं, "गेल्या वर्षीचं पिल्लू असेल, रंगायचं राहिलंय." शालन हटेना. "अगं, चोच बघ ना, केवढी लांब नि बारीक! हा वेगळाच आहे. याचं डोकं रंगतच नाही." पुस्तकात वाचलेला, कधी न पाहिलेला पक्षी. तो तिला आधी दिसला, याचाच मला राग आला असावा. बोलून गेले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन तुला चोच दिसते होय गं?" ती हसली नाही. दुर्बीण पिशवीत ठेवली आणि घर येईपर्यंत रिक्षाच्या बाहेर बघत राहिली.

बुधवारी मी एकटीच गेले. तो काठापासून दहा हातांवर पोहत होता. लांब चोच, उतरतं कपाळ, फिकट डोळा... तिचंच खरं होतं. तिथूनच फोन करता आला असता. पण म्हटलं, रविवारी समोरासमोर सांगू. खरं कारण एवढंच की हार मानायला मला चार दिवस हवे होते.

शालनच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. मी रूपालीला सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. ती म्हणाली, "आईने नेत्रदान केलंय, मावशी. दोघांना उपयोग झाला म्हणे."

माझ्या तोंडून निघालंच, "अगं, पण मोतीबिंदू..."

"तो आतल्या भिंगाला असतो. दुसऱ्याला बसवतात तो वरचा पारदर्शक पडदा एकदम स्वच्छ होता, डॉक्टर बोलले."

मी अजून रविवारी जाते. कुरव केव्हाच उत्तरेला गेले. काठावर फिरायला आलेल्या अनोळखी माणसांच्या डोळ्यांकडे मी बघत बसते... कुणी उलट रोखून पाहिलं, की मान खाली घालते.