बटाट्याची सुट्टी

बस बदलायला मांजरसुंब्याला उतरले होते आणि कुसुमसाठी सीताफळं निवडत होते, तेवढ्यात तिच्या मुलाचा फोन आला. सकाळी चहा पिता पिता कुसुमच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं होतं… फळवाल्यानं पिशवी पुढं केली, ती मी घेतली. तीच पिशवी हातात धरून नेकनूरला तिच्या दारात उभी राहिले. वेड्यासारखं झालं होतं नुसतं.

नेकनूरजवळच्या एका शाळेत आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या वर्गांवर उमेदीची वर्षं काढली. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या योजनेत तिची निवड झाली, तेव्हा मला हसू आवरेना. डेन्मार्कमधल्या एका शाळेत वर्षभर राहून तिथल्या मुलांना आपली गाणी-गोष्टी शिकवायच्या होत्या. आणि बाईंचा गाण्याशी संबंध राष्ट्रगीतापुरता! पण गोष्ट सांगावी तर तिनंच. गेली, आणि चांगली रुळलीही.

ते दुष्काळाचं साल होतं. आमच्याकडचा सहकारी कारखाना उसाअभावी बंद, त्यामुळं दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर निघायच्या आणि आईबापांबरोबर पोरंही जायची. इथं असताना दर वर्षी निघणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर कुसुम गूळ-शेंगदाण्याचा लाडू ठेवायची. त्यातलं कोण पुन्हा शाळेत दिसेल, सांगता यायचं नाही.

तिकडं डेन्मार्कात ऑक्टोबरात एक दिवस मुख्याध्यापकांनी सांगितलं, उद्यापासून मुलं घरी जाणार. झालं! हिनं कुठून तरी शेंगदाणे पैदा केले, गूळ नाही म्हणून साखरेत लाडू वळले, एकेकाच्या हातावर ठेवले, तोंडावरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत पदरानं डोळे पुसले. मुलं बावरली. आठवड्यानं शाळा उघडली, तर वर्ग भरलेला! त्या दिवशी तिचा फोन आला. "अगं, समदी आली! एकबी पोरगं कमी न्हाई!" खूप हसली. तिथल्या एका शिक्षिकेनं तिला सांगितलं होतं, या आठवड्याच्या सुट्टीला जुनी माणसं बटाट्याची सुट्टी म्हणतात, एके काळी मुलं या दिवसांत आईबापांबरोबर बटाटे काढायला शेतात जायची. "त्यांचंबी आपल्यावानीच होतं गं. काम गेलं, सुट्टी तेवढी राहिली."

वर्ष संपताना त्यांनी तिला आणखी एक वर्ष राहायला सांगितलं. इथं तर टँकरशिवाय घागर भरत नव्हती. तिच्या मुलानंही 'राहा' म्हटलं. ही आली. "कावून आलीस गं?" मी चिडूनच विचारलं. म्हणाली, "मला माझा वर्ग भरलेला बघायचाय."

मग सुरू झाला तिचा खटाटोप. दसऱ्याआधी दारोदार जायची, पोरं आजीआजोबांपाशी ठेवा म्हणायची. मंगल नावाची ऊसतोड करणारी एक बाई शेवटी बोलली ते खरं होतं. "बाई, रेखीला ठिवते, पर उसाच्या फडात ह्या बारक्याला कोण संभाळल?" कुसुम म्हणाली, "त्यालाबी ठिव. रातीला आजीपाशी, दिसा माझ्यापाशी." तेव्हापासून दर वर्षी तिच्या वर्गात पाढ्यांच्या जोडीला दोन-तीन शेंबडी पोरं रांगायची. माझ्या वर्गापर्यंत रडणं यायचं आणि मी भिंत ठोकायची. तिला त्याचं काही नव्हतं. एक मांडीवर, एक टेबलाखाली, आणि हिचा भूगोल चालू.

यंदाही पावसानं तोंड फिरवलं. दसरा झाला, कुसुमला जाऊन काही आठवडेच झाले होते. आता तिचा वर्गही माझ्याकडंच आहे. टोळ्या न्यायला ट्रॅक्टर गावात येऊन उभा राहिला. मंगलची थोरली रेखा केव्हाच शिकून गेली, तेव्हाचा बारक्याही मोठा झाला. आता धाकटी लेक पूजा चौथीत आहे, तिच्यामागचा ओम अजून नीट बोलत नाही. बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, पोरं ठेवू का, हे मात्र कुणीच विचारत नव्हतं. पोरं माझ्यापाशी ठेवा म्हणायचं मलाही धाडस झालं नाही. मी काही कुसुम नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गेला. वर्ग उघडला आणि धास्तीनं बाकांकडं बघायचंही टाळलं. तेवढ्यात पूजा दारात आली, कडेवर ओम.

"बाई, ह्याला कुठं बसवू?"

मी हात पुढं केले. गेल्या वर्षी तो कुसुमच्या मांडीवर वाढलेला. त्यानं मान वळवून सगळ्या वर्गात तिला शोधलं, ती दिसेना तसा ओठ काढून रडायला लागला. मग मलाही राहवेना. आम्ही दोघं रडत होतो, आणि बाकांवरच्या पोरांनी आपली आपणच बेच्या पाढ्याला सुरुवात केली.