अंथुर्ण्याच्या रानात युद्धनौका

मेंढरं राखणाऱ्या घरातले मानसिंगतात्या देवकाते सतरा वर्षं नौदलात होते, हे अंथुर्ण्यात सगळ्यांना ऐकून माहीत होतं. खरं मात्र कुणाला वाटत नव्हतं. १९९६च्या फाल्गुनात ऊस कारखान्याला गेला, रान मोकळं झालं. बांधावर बसल्या बसल्या द्वारकाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "अवो, तुमची ती 'रणधीर' बोट हुती तरी केवढी?"

"तीनशे साठ फूट."

"म्हंजी कुठनं कुठवर?"

तात्या उठले. घरातून दोरी आणि फक्कीची पिशवी घेऊन आले. जहाजाचं मागचं टोक विहिरीपाशी धरून त्यांनी पांढरी रेघ ओढायला घेतली. झोपायची जागा, बॉयलर, धुराडं, कप्तानाची जागा, एकेक आखत गेले. पण तीनशे फुटांवर रान संपलं. पुढं बांध, आणि बांधापलीकडं चुलतभाऊ आप्पासाहेब. त्याच बांधापायी दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

तात्या क्षणभर थांबले. मग बांध ओलांडून आखतच राहिले.

आप्पासाहेब तरातरा आले. "माझ्या रानात फक्की कशापायी?"

"जहाजाचं नाक हाय. पुढची तोफ तुझ्याकडं आली. आखडून घेतलं तर खोटं हुईल."

आप्पासाहेबांनी खाली पाहिलं. "तोफ खरीच हुती व्हय?"

"चार हुत्या. ही पयली."

मग रेघांमधून चालत तात्या सांगू लागले. महायुद्धात विलायतेत बांधलेली ही विनाशिका मालाच्या जहाजांची राखण करत हिंडली. स्वातंत्र्यानंतर तिच्यावर तिरंगा चढला. तात्या तिच्या बॉयलरवर. एकदा वादळात बुडत्या होडीतले अकरा कोळी वर ओढून बॉयलरपाशी उबेला बसवले होते. शहात्तर साली ती मोडीत काढल्याचं मित्राचं पत्र आलं.

"त्या दिवशी जेवला न्हाईत तुमी," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, कुणी गेलं."

"गेलंच की."

दिवस कलेपर्यंत निम्मं गाव रानात जमलं. द्वारकाबाई कप्तानाच्या जागेवर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आप्पासाहेब तोफेपासून हलेनात. "बाजूनं या! रेघ पुसंल!" असं येईल त्याला दटावत होते.

त्या दिवशी ते तात्यांकडंच जेवले. पिठल्यात भाकरी कुस्करत म्हणाले, "तात्या, एवढ्या पाण्यात भ्या न्हाय वाटलं?"

"लई वाटायचं," तात्या म्हणाले, आणि दोघंही ठसका लागेपर्यंत हसले.